फोल्डरमधल्या सर्व टेक्स्ट फाइल मॅक्रोने एकाच शीटमध्ये कशा आणाव्यात?

प्रश्न:
टॅबने विभागलेल्या अनेक टेक्स्ट फाइल एका फोल्डरमध्ये रोज जमा होतात आणि त्या एक्सेलच्या एकाच शीटमध्ये एकाखाली एक आणायच्या असतात. मॅक्रो (एक्सेलमधली कामे आपोआप करणारा सूचनांचा संच) रेकॉर्ड केला, परंतु तो दर वेळी रेकॉर्डिंग करताना निवडलेली फाइलच उघडतो. शिवाय ‘००४५१७’ हा ग्राहक क्रमांक ४५१७ होतो आणि ०३/०४/२०२४, म्हणजे ३ एप्रिल, ही तारीख ४ मार्च होऊन बसते. यावर उपाय काय?

उत्तर १:
रेकॉर्डर फाइलचा पूर्ण पाथ (ती कुठे आहे तो पत्ता) मॅक्रोमध्ये जसाच्या तसा लिहून ठेवतो. त्या जागी व्हेरिएबल (बदलती किंमत साठवणारे नाव) वापरावे. फोल्डरमधल्या फाइलींची नावे देणाऱ्या ‘डिर’ फंक्शनला प्रथम फोल्डरचा पाथ द्यावा, त्यानंतर काहीही न देता ते पुन्हा वापरले की पुढच्या फाइलचे नाव मिळते, आणि रिकामे नाव आले की लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा भाग) थांबवावे. ‘डिर’ केवळ नाव देते, त्यामुळे त्याआधी पाथ जोडणे आवश्यक आहे.

उत्तर २:
शून्यांचा आणि तारखांचा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण त्यात चूक झाल्याचे कोणताही एरर मेसेज सांगत नाही. कॉलमचा प्रकार फाइल आत येतानाच सांगायला हवा: ‘क्वेरीटेबल’च्या (बाहेरच्या फाइलमधला डेटा शीटमध्ये आणणारी मॅक्रोतली सोय) ‘टेक्स्टफाइलकॉलमडेटाटाइप्स’ या सेटिंगमध्ये प्रत्येक कॉलमसाठी एक आकडा द्यावा, ज्यात २ म्हणजे मजकूर आणि ४ म्हणजे दिवस-महिना-वर्ष. नंतर सेलचे फॉरमॅट बदलून शून्ये दिसतील, पण १५ अंकांपेक्षा लांब क्रमांकातले शेवटचे अंक एकदा शून्य झाले की परत मिळत नाहीत. फाइलमध्ये देवनागरी मजकूर यूटीएफ-८ (अक्षरे साठवण्याची एक पद्धत) मध्ये असेल, तर ‘टेक्स्टफाइलप्लॅटफॉर्म’ या सेटिंगला ६५००१ द्यावे.

उत्तर ३:
एक्सेल २०१६ किंवा त्यानंतरची आवृत्ती असल्यास पॉवर क्वेरी या डेटा आयात करण्याच्या अंगभूत सोयीमध्ये संपूर्ण फोल्डरच स्रोत म्हणून निवडता येतो आणि मॅक्रोची गरज राहत नाही. मात्र कॉलमचे प्रकार आपोआप ठरवणारी पायरी तिथेही शून्ये गाळते, म्हणून ती तपासून बदलावी.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. पुढे आणखी कामे जोडायची असल्याने मॅक्रोच ठेवला आहे. शून्ये व तारखा आता बरोबर येतात, परंतु दुसरी फाइल कधी कधी पहिलीच्या ओळींमध्येच येऊन पडते.

उत्तर २:
पहिली फाइल पूर्ण भरण्याआधीच शेवटची ओळ शोधली जात असावी. क्वेरीटेबल ‘रिफ्रेश’ करताना, म्हणजे त्यात डेटा भरताना, ‘बॅकग्राउंडक्वेरी’ला ‘फॉल्स’ द्यावे, म्हणजे भरणे संपेपर्यंत मॅक्रो थांबेल. त्यानंतर ते क्वेरीटेबल डिलीट करावे, डेटा शीटमध्ये तसाच राहतो.