लोकलसमोर माणूस आला, तर गाडी किती वेळ थांबवायची?

कळवेकर
काल संध्याकाळी आमच्या फास्टसमोर माणूस आला. करकचून ब्रेक. मी दारातच होतो. दोन हमाल स्ट्रेचर घेऊन आले, वरून चादर पडली आणि बाराव्या मिनिटाला गाडी हलली. "चला, लवकर सुटली," डब्यातून आवाज आला! माणूस कुठे पडला ते दाखवणाऱ्या रुळालगतच्या खांबाचा नंबर कुणी लिहून घेतला? फोटो? माझं मत, पोलीस येऊन पंचनामा होईपर्यंत तेवढा ट्रॅक बंद ठेवा. ब्रिटनमध्ये रेल्वे पोलीस लाइन मोकळी करायला साधारण दीड तास धरून चालतात.

ठाकुर्लीचा
दीड तास? संध्याकाळी साडेसहाला? एक फास्ट अडली की मागे रांग लागते आणि लोक उड्या मारून रुळांवरून चालू लागतात. ६ नोव्हेंबर २०२५ आठवा. कर्मचाऱ्यांच्या आंदोलनाने लोकल थांबल्या, लोक खाली उतरून चालू लागले आणि सँडहर्स्ट रोडजवळ लोकलनेच त्यांना उडवलं. एकाचा पंचनामा नीट व्हावा म्हणून आणखी दोघांचा करायचा का?

निवृत्त हवालदार
माणूस गेला हे डॉक्टर ठरवतो, आपण नाही. धुगधुगी असेल तर? म्हणून आधी उचलायचं. स्टेशन मास्तरचा मेमो हातात पडून आम्ही पोचेपर्यंत जागेवर बहुतेकदा चपलाच उरायच्या.

मीनल
त्या चपलांवरच सगळं अडतं हो. माझ्या मामाच्या पंचनाम्यात "रूळ ओलांडताना" एवढंच लिहिलं. खिशातला पास नोंदलाच नाही, तो नंतर कपड्यांच्या पिशवीत मिळाला. गाडीतून पडून गेला तर रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ खाली ८ लाख भरपाई. रूळ ओलांडत होता म्हटलं की हात हलवत परत. तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलंय. पण "ओलांडताना" हा शब्द कोण खोडणार? मामी तीन वर्षं खेटे घालत होती.

ठाकुर्लीचा
हे पटलं. पण त्यासाठी दीड तास कशाला? उचलण्याआधी मोबाइलवर चार फोटो काढा: खांब, रुळापासूनचं अंतर, सामान. दोन मिनिटांचं काम.

निवृत्त हवालदार
काढणार कोण, हमाल? साक्षीला कोर्टात बोलावलं की त्याचा रोज बुडतो. मग जो तो म्हणतो, "मी तिथं नव्हतोच."

कळवेकर
मग त्याला भत्ता द्या आणि बाराची वीस मिनिटं करा. मी थांबेन.

ठाकुर्लीचा
तुम्ही थांबाल हो. मागच्या गाडीत दाराला लटकलेल्यांना विचारा.