‘रागावले होते’ : कोण रागावलं?

कोरा कागद : मानसोपचाराच्या सत्रांची ध्वनिमुद्रणं उतरवून इंग्रजीत न्यायची आहेत. एक बाई म्हणतात, "परवा फार रागावले होते. जेवायचं तसंच राहिलं." कर्ता गायब. ‘मी’ धरलं तर राग बाईंचा, ‘हे’ धरलं तर नवऱ्याचा. इंग्रजीत कुणीतरी एक लिहावाच लागतो. काय करावं?

अनुस्वार : १९६२ च्या लेखननियमांनी केलेला हा घोळ! त्याआधी बाई ‘मी रागावलें’ लिहायची आणि नवरा ‘रागावले’, बिनटिंबाचा. एका टिंबात निकाल.

टेपवाला : टिंब टेपवर ऐकू येत नाही हो. आजूबाजूची क्रियापदं बघा. पूर्ण वर्तमानात फरक उघड होतो : ‘रागावलेय’ म्हणजे बाई, ‘रागावलेत’ म्हणजे ते. नकारातही : ‘बोलले नाही’ बाई, ‘बोलले नाहीत’ ते. मात्र भरभर बोलताना ‘नाहीत’चा त गिळला जातो, म्हणून तेवढाच तुकडा हळू करून ऐका. ‘होते’ दोघांनाही चालतं, त्यामुळे तुमच्या वाक्यात व्याकरणाने काहीच हाती लागणार नाही.

ठेचाभाकर : विदर्भात बाई सरळ ‘मी रागावली होती’ म्हणते. प्रश्नच मिटला.

अनुस्वार : ते अशुद्ध आहे.

टेपवाला : अशुद्ध असो वा नसो, उतरवताना जसंच्या तसं ठेवायचं. ‘रागावली’चं ‘रागावले’ केलंत तर असलेली खूण आपल्याच हाताने पुसलीत. आणि मिटला म्हणता तो प्रश्न नुसता सरकतो : ‘रागावली होती’ म्हणजे मी, की आई, की नणंद?

दुसरी फेरी : कोरा कागद, कर्ता घुसडू नका. तीन ओळी ठेवा. पहिलीत ऐकलं तसं, अडखळणं आणि ‘हं’सकट, थांबे सेकंदाच्या दशांशात. दुसरीत संभाव्य कर्ते, ‘मी / हे’ असे दोन्ही. तिसरीत भाषांतर. दुसरी ओळ दोघांनी एकमेकांची न बघता भरायची आणि मग ताडून पाहायची.

पुढची उक्ती तर बघाच. उपचारक "तुम्ही रागावलात?" म्हणाला, तर संदिग्धता त्याने एका बाजूला ढकलली. बाई "मी नाही, हे" म्हणाल्या तर संभाषण-विश्लेषणात ती दुरुस्ती. नुसतं "हं" म्हणाल्या तर तो होकार धरू नका, डॉक्टरांना कसं तोडायचं म्हणूनही बायका ‘हं’ म्हणतात. नात्याचा अभ्यास करायचा तर माल इथेच आहे, आणि भाषांतरात आधीच ‘मी’ लिहून बसलात तर तो दिसणारही नाही. शब्दमोजणीचंही तेच. मानसशास्त्रज्ञ पेनेबेकर यांच्या पद्धतीत ‘मी’ किती वेळा आला ते मोजून नैराश्याशी ताडतात. मराठीत ‘मी’ क्रियापदाच्या शेपटीत असतो, तो यंत्राला कसा सापडणार?

ठेचाभाकर : आणि ‘आपण’? "आपल्याला नाय जमत बुवा" हा ‘मी’च आहे की.

टेपवाला : ‘आपण’ची निदान चार खाती करा : तू-मी मिळून, आदरार्थी तुम्ही, कुणीही माणूस ("आपण कितीही करा…") आणि ही फुशारकीची किंवा हात झटकण्याची ‘मी’. ‘आपण आलात’ आणि ‘आपण आलो’ क्रियापदावरून कळतं. पण "आपण काय ठरवलं?" इथे क्रियापद कर्त्याकडे बघतच नाही. ‘ठरवलंत’ असता तर सुटलो असतो.

अनुस्वार : प्राकृत ‘अप्पण’, संस्कृत ‘आत्मन्’. मुळात ‘स्वतः’. बाकी सगळी मागाहूनची वाढ.

दुसरी फेरी : वाढ असेल, पण प्रश्नावलीत तीच नडते. उपचारक आणि उपचार घेणारा यांच्यातलं नातं मोजणारी, हॉरवथ-ग्रीनबर्ग यांची १९८९ ची ३६ विधानांची मोजपट्टी ‘वर्किंग अलायन्स इन्व्हेंटरी’ घ्या : बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये मांडलेले तीन भाग, म्हणजे ध्येय, कामं आणि बंध, प्रत्येकी १२ विधानं, सात अंशांवर उत्तर. विधानात गाळलेली जागा असते, तिथे उपचारकाचं नाव मनात घालून वाचायचं. म्हणजे तो तिसरा माणूस. मराठीत ‘आमच्या दोघांत’ हवं. ‘आपल्या दोघांत’ लिहिलंत की कागद उपचारकच वाचतोय असं वाटतं आणि उत्तरं गोड येतात.

कोरा कागद : त्या मोजपट्टीच्या नावातल्या ‘अलायन्स’ला मराठीत काय म्हणता?

ठेचाभाकर : ‘उपचारयुती’ वाचलंय.

अनुस्वार : युती म्हटलं की जागावाटप आठवतं! ‘सख्य’ म्हणा.

टेपवाला : सख्यात ध्येय आणि कामं कुठे बसली? फक्त बंध उरतो. युतीत निदान काहीतरी ठरलेलं असतं.

ठेचाभाकर : आणि मोडतेही. उपचारातही मोडते, मग सांधावी लागते. शब्द चपखल आहे.

अनुस्वार : मग समोरच्याला काय, ‘घटकपक्ष’?

दुसरी फेरी : मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४२ मध्येच ‘रुग्ण’ सोडून ‘क्लायंट’ धरला. मराठीत तो वकिलाचा अशील होतो.

अनुस्वार : ‘समुपदेशार्थी’ आहे ना.

ठेचाभाकर : सहा अक्षरं. बोलून दाखवा एका दमात.

कोरा कागद : त्या ‘रागावले’ बाईंना तूर्त दोन्ही कर्ते लावून ठेवलेत. पुढच्या टेपमध्ये ‘हे’ आणि ‘ते’ वेगळे निघतायत. ‘ते’ बहुधा सासरे.