भाचीसाठी 'छेदणाऱ्या रेषां'चं नाव सुचवा

मी सोलापुरात नववीला भूमिती शिकवते. रविवारी भाचीचं बारसं, नाव ठेवायचा मान आत्याचा. रेखा, बिंदू नको. रेषा जिथे भेटतात तो अर्थ हवा. 'छेदिका' सुचवलं, तर वहिनी म्हणाली, "वन्सं, पोरीला कापायला निघालात की काय!"

> वहिनी बरोबर बोलल्या. छिद् म्हणजे कापणं. रेषा एका बिंदूत मिळतात त्याला म्हणतात तो 'संपात' पत् वरून, एकत्र पडणं. तेही पाळण्याशेजारी नको! संध्या ठेवा, दिवस-रात्रीचा सांधा.

> अहो, हत्तरसंग कुडल जवळच की. भीमा-सीनेचा संगम, कन्नडात कुडल म्हणजे संगमच. तिथल्या संगमेश्वराच्या देवळात शके 940 चा मराठी शिलालेख आहे. आमच्याकडे गल्लीत दोन संगमेश आहेत, मुलींना मात्र काही नाही. त्रिवेणी कसं वाटतं?

त्रिवेणी! त्रिकोणाच्या तीन मध्यगा (कोपऱ्यापासून समोरच्या बाजूच्या मध्यापर्यंतच्या रेषा) एकाच बिंदूतून जातात आणि तिथे प्रत्येकीचे 2:1 भाग होतात, हे मी दरवर्षी फळ्यावर काढते, तरी सुचलं नाही बघा. वहिनीला विचारलं. "वेणी म्हणून हाक मारता येईल," म्हणाली, आणि शेंगाचटणी कुटायला गेली. म्हणजे पसंत.