मदत हवी आहे: पूलच्या कव्हरवरचं पाणी पंप लावूनही संपत नाही (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,

उन्हाळ्यात आम्ही मध्य जर्सीत घर घेतलं, मागे स्विमिंग पूल आहे. जमिनीतला, आतून व्हिनाइल लायनर (प्लास्टिकचं अस्तर), १६ बाय ३२ फूट. ऑक्टोबरात पूलवाल्याकडून बंद करून घेतला. त्याने पाइपांतलं पाणी हवेने उडवलं, पाइप गोठू नयेत म्हणून अँटीफ्रीझ घातलं, वर निळं ताडपत्रीसारखं कव्हर पसरलं आणि कडेने पाणी भरलेल्या ट्यूब ठेवल्या. कव्हर आधीच्या मालकांचंच आहे.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या पावसात कव्हरवर तळं झालं, म्हणून छोटा सबमर्सिबल पंप आणला. पाणी उतरतं, पण मधे पाऊस नसला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जैसे थे. आधी कुजक्या पानांचं, कोऱ्या चहासारखं पाणी यायचं, हल्ली बरंच नितळ येतंय. कव्हर मधोमध खोल गेलंय आणि ट्यूब आत ओढल्या जाताहेत. या आठवड्यात रात्री उणे ८ सेल्सिअस आणि बर्फाचा अंदाज आहे. पंप चालूच ठेवू का? बर्फ पडल्यावर फावड्याने काढायचा का? नवरा म्हणतो, कव्हर काढून टाकू, जे होईल ते होईल!

टोरंटोकर

ताई, पंप आत्ता बंद करा. नितळ पाणी येतंय म्हणजे कव्हरला भोक आहे आणि तुम्ही पूलच उपसताय. आतली पातळी खाली गेली की कव्हरला खालून आधार राहत नाही, म्हणून ते खोल गेलंय आणि ट्यूब ओढल्या जाताहेत. एरवी कव्हर पूलच्या पाण्यावर टेकलेलं असतं, वरचं वजन तेच पाणी पेलतं. तुमच्या मापाच्या पूलवर नुसतं एक इंच पाणी म्हणजे साधारण १२०० लिटर, सव्वा टनाच्या आसपास. ते अधांतरी कापडावर आलं तर कव्हर फाटणार किंवा ट्यूबसकट पाण्यात जाणार.

गोठायच्या आत, तापमान शून्याच्या वर असताना, बागेचा होज कव्हरखाली सोडून पातळी स्किमरच्या (भिंतीतलं, वरवरचा कचरा ओढून घेणारं भोक) तोंडाच्या जरा खालपर्यंत आणा. बाहेरचा नळ हिवाळ्यासाठी आतून बंद केला असेल, तो तेवढ्यापुरता उघडा. नंतर नळ परत बंद करून पाइप मोकळा करा आणि होज काढून ठेवा. होजचं तोंड पाण्यात राहिलं आणि दुसरं टोक उतारावर असलं, तर सायफनने रात्रीत पूल उतरतो.

आणि पूल भलता रिकामा होऊ देऊ नका. जमिनीतलं पाणी बाहेरून दाबतं, लायनर सुटून तरंगायला लागतं. तो खर्च कव्हरच्या कितीतरी पट.

मिशिगनची काकू

बर्फाला हात लावू नकोस गं. पातळी नीट असली की बर्फ आपोआप पेलला जातो. फावडं तर नकोच, आणि गोठलेला थर फोडायचा नाही, त्याच्या कडा सुरीसारख्या कापतात. पंपही बर्फात अडकू देऊ नकोस, रात्री आत आणून ठेव. ट्यूब गच्च भरलेल्या असतील तर थोडं पाणी काढ. गोठताना पाणी जवळपास नऊ टक्के फुगतं, ट्यूब फुटतात. ट्यूबऐवजी विटा ठेवायची अक्कल कोणी शिकवेल, ऐकू नकोस. पूलमध्ये पडल्या की लायनर गेलं.

नवऱ्याला सांग, कव्हर काढलं तर एप्रिलमध्ये त्यानेच गाळ काढायचा.

पुणेकर

आमच्या सोसायटीचा पूल थंडीत नुसता कुलूप लावून बंद असतो. हे सगळं वाचून धाप लागली.

धागाकर्ती

खूप आभार! पंप बंद केला. भोक सापडलं, खोल टोकाकडे, बोट जाईल एवढं. व्हिनाइल पॅच चालेल का?

टोरंटोकर

कव्हर विणलेल्या पॉलिइथिलीनचं असेल (बहुतेक निळी तशीच असतात) तर व्हिनाइलचा गोंद त्यावर धरत नाही. त्याची चिकटपट्टी वेगळी मिळते, पण तीही कोरड्या आणि जरा उबदार कापडालाच नीट चिकटते. एवढ्या थंडीत खटपट नको, पातळी राखा आणि वसंतापर्यंत ढकला. भोकातून वरचा पालापाचोळ्याचा अर्क आत जाईल, म्हणून पूल लवकर उघडा. पाणी १५ अंशांच्या वर गेलं की शेवाळ धरतं.

मुलं लहान आहेत का? असं ताडपत्रीचं कव्हर माणसाचं वजन पेलत नाही, उलट पडलेलं मूल त्यात गुंडाळलं जातं. कुंपणाचं दार बंदच ठेवा. पुढच्या वर्षी काँक्रीटमध्ये पितळी अँकर ठोकून स्प्रिंगने ताणलेलं जाळीचं सेफ्टी कव्हर घ्या. एएसटीएम एफ१३४६ या अमेरिकी सुरक्षा-मानकाप्रमाणे ते ४८५ पाउंड पेलायला हवं, लेबल पाहूनच घ्या. पाणी जाळीतून खाली जातं, पंपाची कटकट नाही. मात्र बारीक गाळ आणि थोडं ऊनही आत जातं, आणि पावसाने पूल भरत आला तर पातळी अधूनमधून कमी करावी लागते.

धागाकर्ती

मुलगा चार वर्षांचा आहे. दाराला आजच कुलूप लावते. जाळीच्या कव्हरचं माप घ्यायला माणूस थंडीत येतो का, की अँकरसाठी बर्फ वितळेपर्यंत थांबायचं?

मिशिगनची काकू

आमच्याकडे मार्च संपता संपता आला होता. डेकवर बर्फ असताना त्याला कडाच दिसत नाहीत, माप कसलं घेणार. पण नंबर आत्ताच लावून ठेव, ऑक्टोबरात सगळ्यांची एकदम घाई असते.