मदत हवी आहे : रात्री जळणाऱ्या वायरींची तक्रार कुठे करायची?

आम्ही भोसरी एमआयडीसीच्या मागच्या अंगाला राहतो. रात्री साडेअकराच्या सुमारास कुणीतरी तांब्यासाठी वायरी जाळतं. घशात प्लास्टिकची कडवट चव उतरते, सकाळी दोरीवरच्या बनियनवर काजळी. सासूबाईंना दमा आहे, त्यामुळे खिडक्या कायम बंद.

महापालिकेत गेले तर म्हणाले प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जा. मंडळ म्हणतं कचरा जाळणं पालिकेचं. हवेचा दर्जा सांगणारं सरकारी समीर अ‍ॅप 24 तासांची सरासरी दाखवतं, त्यात आमचे दोन तास बुडून जातात! पीएम 2.5 ची (हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची) मर्यादासुद्धा 24 तासांच्या किंवा वर्षाच्या सरासरीवरच, 24 तासांसाठी घनमीटरमागे 60 मायक्रोग्रॅम.

रात्री प्रत्यक्ष येऊन पाहणी करायला कुणाला भाग पाडलंय का? लेखी अर्जात नेमकं काय लिहिलंत? हवा मोजणाऱ्या घरगुती मीटरचे आकडे ग्राह्य धरतात का?