पोराचे सारखे एक्स-रे काढताय, काही होणार नाही ना?

रावेरचा_गडी:
मंडळी, एक विचारायचं होतं. पोरगं सहा वर्षांचं, खेळताना बांधावरून पडलं, मनगटाजवळ हाड मोडलं. प्लास्टर झालंय, तरी डॉक्टर दर भेटीला एक्स-रे काढून आणा म्हणतात. पोरगं रडतं म्हणून मला आत थांबवलं, शिशाचा तो जड एप्रन अंगात घातला आणि टेक्निशियन स्वतः गेला भिंतीमागे! एवढं सेफ आहे तर हा का पळतो? आई म्हणते किरणं अंगात राहून जातात. बायकोला सहावा महिना, ती बाहेर बाकड्यावर होती, तिचंही टेन्शन आहे.

भुसावळ_लोकल:
काय भो, पळाला नाही तो, मी पण हेच काम करतो. तुम्ही एखाद वेळा आत उभे राहता, आम्ही रोज दिवसभर, म्हणून आड जावं लागतं. आमच्या छातीला टीएलडी बॅज असतो, किती डोस बसला ते त्यावरून मोजतात.
अंगात काही राहत नाही. मशीनच्या नळीत फिलामेंट, म्हणजे बारीक तार, तापतं, इलेक्ट्रॉन सुटतात, ते हजारो व्होल्टच्या जोरावर टंगस्टनवर आदळतात, त्यातली ९९ टक्के शक्ती नुसती उष्णतेत जाते आणि जेमतेम टक्काभर एक्स-रे निघतात. बटण सोडलं की संपलं, दिवा विझवल्यावर खोलीत उजेड उरतो का? हाडातलं कॅल्शियम किरण अडवतं म्हणून हाड पांढरं दिसतं.
हाताच्या एक्स-रेचा डोस साधारण ०.००१ मिलिसिव्हर्ट (अंगाला किती किरणं बसली ते मोजायचं माप). जमिनीतून, हवेतून, आकाशातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतोच, म्हणजे हा काही तासांचा हिशोब झाला. वहिनी बाहेर होत्या ना, मग काळजी नको, फक्त पोराला धरायला त्यांना आत पाठवू नका. आणि सारखे एक्स-रे यासाठी की प्लास्टरच्या आत हाड सरकू शकतं, वाकडं जुळलं तर मोठा ताप.

चोपडेकर:
हाताचं ठीक आहे हो, पण म्हणून सगळंच किरकोळ समजू नका. पोटाचा सीटी स्कॅन म्हणजे ८-१० मिलिसिव्हर्ट, हाताच्या हजारो पट. कॅन्सरची शक्यता त्यानेही थोडीशीच वाढते, पण लहान पोरांना जास्त जपावं लागतं. गरज असेल तर बिनधास्त करा, पण सोनोग्राफीत भागेल का हे विचारायला लाजायचं कशाला, त्यात एक्स-रे नसतातच, एमआरआयमध्ये पण नाही. आणि जुन्या फिल्म सांभाळा, नाहीतर नवीन डॉक्टर परत काढायला लावतो. गाडीच्या डिक्कीत मात्र टाकू नका, आपल्याकडच्या मे महिन्यात त्या काळ्या पडतात.

रावेरचा_गडी:
धन्यवाद भाऊ. मग एप्रन मलाच का दिला, पोराला का नाही?

भुसावळ_लोकल:
त्याच्या हातापुरताच चौकोन उजेडाने आखलेला दिसला असेल बघा, किरण तेवढ्यातच पडतात. तुम्ही शेजारी उभे, तुम्हाला फोटोची गरज नाही, मग इकडेतिकडे उडालेला थोडासा डोस तरी फुकट कशाला घ्यायचा. पोराला घातला आणि तो हलून चौकोनात आला तर फोटो वाया, परत काढा.