जोनाथन डेव्हिसने युनियन सोडून लीगची वाट का धरली?

सायंतारा:
१९८८ मध्ये ट्रिपल क्राउन (इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड या तिघांनाही हरवण्याचा मान) जिंकणाऱ्या वेल्स रग्बी संघाचा फ्लाय-हाफ (संघाच्या चाली आखणारा खेळाडू) जोनाथन डेव्हिस पुढे संघाचा कर्णधारही झाला. असे असताना जानेवारी १९८९ मध्ये, ऐन सव्विसाव्या वर्षी, तो पंधरा जणांचे रग्बी युनियन सोडून इंग्लंडमधील विडनेस क्लबकडून तेरा जणांचे रग्बी लीग खेळू लागला. असे करणाऱ्याला युनियनची दारे बंद होत असत, हे त्याला ठाऊकच होते. मग हा निर्णय निव्वळ पैशासाठी होता का? आणि नव्या खेळात तो खरोखर मोठा ठरला, की जुन्या नावावर निभावले?

मैदानवेडा:
पैसा होताच, सुमारे २,३०,००० पौंडांचा करार त्या काळी विक्रमी मानला गेला आणि युनियन तर अधिकृतपणे हौशी खेळ होता. तथापि, त्याआधीचे वर्ष पाहावे. न्यूझीलंड दौऱ्यात वेल्सने दोन्ही कसोटी सामने ५० हून अधिक गुण देऊन गमावले, डिसेंबरात कार्डिफमध्येच रुमानियाकडून १५-९ असा पराभव झाला आणि टीकेचा रोख कर्णधारावर आला. वेल्सच्या रग्बी संघटनेच्या वार्षिक सभेत खेळाडूंची बाजू मांडण्याची त्याची इच्छाही मान्य झाली नव्हती. माझ्या मते, ज्यांनी त्याचे ऐकून घेतले नाही त्यांनी नंतर त्याच्या जाण्याबद्दल हळहळ व्यक्त करणे शोभत नाही.

अर्धविराम:
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक रंजक आहे. लीगमध्ये लाइनआउट (मैदानाबाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये फेकून खेळ पुन्हा सुरू करणे) नाही आणि चेंडू असलेल्या संघाला सहा टॅकलपर्यंत, म्हणजे चेंडूवाल्याला सहा वेळा अडवले जाईपर्यंत, तो आपल्याकडे ठेवता येतो, त्यामुळे बचाव करणाऱ्याला पुन्हा पुन्हा उठून अंगावर येणाऱ्या धिप्पाड खेळाडूला अडवावेच लागते. युनियनच्या फ्लाय-हाफला मात्र हे काम बरेचसे फॉरवर्डांवर (पुढच्या फळीतल्या दणकट खेळाडूंवर) सोपवता येत असे. डेव्हिस अंगाने किरकोळ होता, म्हणून प्रशिक्षक डग लॉटन याने त्याला हळूहळू रुळू दिले. १९८९ मध्येच विडनेसने ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरा क्लबला ३०-१८ असे हरवून वर्ल्ड क्लब चॅलेंज (इंग्लंड व ऑस्ट्रेलियातील विजेत्या क्लबांमधील सामना) जिंकले. १९९४ मध्ये, वॉरिंग्टन या दुसऱ्या लीग क्लबकडून खेळताना, त्याला ‘मॅन ऑफ स्टील’ हा वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा सन्मान मिळाला. त्याच वर्षी वेम्बलीवर शॉन एडवर्ड्सला बाहेर काढल्यामुळे बारा जणांवर आलेल्या ग्रेट ब्रिटनने ऑस्ट्रेलियाला ८-४ असे नमवले, आणि त्या सामन्यातील डेव्हिसची लांब पल्ल्याची धाव व ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवून मिळवलेले गुण) आजही लीगचे चाहते विसरलेले नाहीत. नावावर निभावणाऱ्याचे हे काम नव्हे.

तिरकस:
सगळ्या वेल्श खेळाडूंना हाच मापदंड लावू नये. कार्डिफच्या टायगर बे वस्तीतला कृष्णवर्णीय बिली बॉस्टन १९५३ मध्ये इंग्लंडमधील विगन या लीग क्लबकडे गेला, तेव्हा त्याच्यासारख्याला वेल्सच्या युनियन संघात जागा मिळण्याची आशाच फारशी नव्हती. त्याच कार्डिफच्या क्लाइव्ह सलिव्हनने १९७२ मध्ये ग्रेट ब्रिटनला लीगचा विश्वचषक कर्णधार म्हणून जिंकून दिला. डेव्हिसने मिळालेली जागा सोडली. बॉस्टनपुढे तसा प्रश्नच नव्हता. बॉस्टनला ‘सर’ हा किताब मिळायला मात्र २०२५ साल उजाडावे लागले.

सायंतारा:
सर्वांचे आभार. परतीची वाट पुढे खुली झाली का?

मैदानवेडा:
झाली. ऑगस्ट १९९५ मध्ये युनियन व्यावसायिक झाले आणि त्याच वर्षी तो कार्डिफ क्लबकडे परतला. मात्र तोवर वय तिशीपार गेले होते. वेल्सकडून आधीच्या २७ सामन्यांत आणखी पाचांची भर पडली, आणि त्यातील शेवटचा सामना मार्च १९९७ मध्ये इंग्लंडविरुद्ध झाला.